डॉरीनला कोण सांगणार?

आमच्या शेजारचे मर्व कुणाशीही बोलायला लागण्याआधी वर बघायचे. देवाबिवाची आठवण नव्हती ती, वारा बघणं होतं. समोरच्या उंच झाडांचे शेंडे कुठे झुकलेत, ढग कुठून कुठे चाललेत, बंदरावरच्या लाकडांचा वास येतोय की नाही, एवढी तपासणी झाली की मग मान खाली यायची आणि ‘मॉर्निंग’ म्हटलं जायचं. आम्ही न्यूझीलंडमधल्या टौरंगात नवे होतो. मला वाटलं, म्हातारा जरा शिष्टच दिसतो. नवऱ्याला वाटलं, मानेचा त्रास असेल.

बाराही महिने अंगात खाकी शॉर्ट्स आणि पायात जँडल्स, म्हणजे अंगठ्यात पट्टा असलेल्या रबरी स्लिपर. थंडी फारच झाली तर जँडल्समध्ये मोजे घालायचे, आणि ते कसे घालता येतात हे मला अजून कळलेलं नाही. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. शॅरन नावाची एकुलती एक मुलगी दोन तासांवरच्या पुकेकोहेला असायची. फेजोआचा मोसम आला की आमच्या दाराशी आइस्क्रीमच्या डब्यात फळं ठेवलेली असत, आणि डबा परत केला नाही तर तिसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारणा व्हायची.

ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नुसतं ‘मर्व’ म्हणायला माझी जीभ वर्षभर वळत नव्हती. ‘मिस्टर’ म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण मिस्टर आलाय म्हणून. माझी आई पुण्याहून राहायला आली आणि तिनं पहिल्याच दिवशी हा प्रश्न निकालात काढला. ती त्यांना ‘मर्विनराव’ म्हणू लागली. गंमत म्हणजे त्या हाकेला ते लगेच ओ द्यायचे.

त्यांची खरी ओळख झाली ती आमच्या पहिल्या दिवाळीत. इथे नोव्हेंबरच्या सुमाराला फटाके विकायला येतात, म्हणून आम्ही टौरंगातली चार-पाच मराठी घरं आमच्या मागच्या अंगणात जमलो होतो. पोरांच्या हातात फुलबाज्या, मध्ये भुईनळे, बायका ताटं घेऊन एका बाजूला. पहिला भुईनळा लागला आणि कुंपणावरून मर्व आत आले. फाटक होतं, पण ते कुंपणावरून आले. मला वाटलं आता आवाजाची तक्रार. तर त्यांनी आधी वर बघितलं, गवताची चिमूट हवेत सोडली आणि सगळ्या मुलांना हाताला धरून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. मग बायकांना हलवलं. मग जेवणाचं टेबल. माझा नवरा हसत म्हणाला, मर्व, इट्स ओन्ली अ फायरवर्क. त्यावर मर्व म्हणाले, आम्हालाही असंच काहीसं सांगितलं होतं. पुढे काही बोलले नाहीत, एक करंजी खाल्ली आणि फाटकातून घरी गेले.

तेव्हापासून वाऱ्याची बातमी आम्हाला घरपोच मिळू लागली. मी फार्मसिस्ट आहे, दिवसभर दुकानात असते. दुपारी फोन यायचा की वारा फिरलाय, तुझे कपडे मी काढून आत ठेवलेत. कपडे वाळत घालण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. शर्ट उलटे, खालून चिमटा, चादरी वाऱ्याला आडव्या. आई बघत राहायची आणि मला टोमणे मारायची, बघ, पुरुषमाणूस असून किती नीट.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात यायला वेळ लागला. ज्या गावात दर दुसऱ्या घरासमोर बोट उभी असते, त्या गावात आयुष्य बंदरावर काढलेला हा माणूस मासा तोंडात घालत नसे. माझ्या नवऱ्यानं एकदा मोठ्या कौतुकानं ताजा स्नॅपर तळून पाठवला, तो ताटलीसकट परत आला. आणि पावसात ते कधी भिजायचे नाहीत. चार थेंब पडले तरी दाराआड. आम्ही पावसात अंगणात खेळणाऱ्या आमच्या मुलाला कौतुकानं बघायचो, आणि शेजारच्या खिडकीतून मर्व काचेवर टकटक करत त्याला आत जा म्हणून खुणा करायचे. मुलगा मला म्हणायचा, ‘ममा, व्हाय इज मर्व सो वीअर्ड?’ 

उत्तर आईनं काढलं, आणि तेही मला मान खाली घालायला लावून.

या देशात माणसं फार सभ्य. वीस वर्षं शेजारी राहतील पण तुमच्या घरातलं एक अक्षर विचारणार नाहीत. आईच्या पिढीत ओळख झाली की तिसरं वाक्य ‘मुलं किती’ हेच. आमच्या मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, दोघं मटार सोलत बसलेली, ती मराठीत आणि ते इंग्रजीत आपापलं बोलत होते, आणि तेवढ्यात आईनं मला सांगितलं, विचार त्यांना, मुलं किती. मी म्हटलं, ‘आई, इथे असं विचारत नाहीत. एक आहे, शॅरन, तुला माहितेय की.’ आईनं माझा नाद सोडला आणि स्वतःच विचारलं, ‘मर्विनराव, चिल्ड्रन? हाऊ मेनी?’

मर्वनी सवयीनं वर बघितलं. वर डेकचं छप्पर होतं.

‘सात,’ ते म्हणाले. ‘एक पुकेकोहेला असते.’

मग म्हणाले, की हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. सरकारी कागदांवर रकाना असतो, पण तो हयात मुलांचा. त्या दिवशी मटार तसेच राहिले आणि आम्ही ती हकीकत ऐकली. मी आईला मराठीत सांगत होते.

एकोणिसाव्या वर्षी मर्व आरमारात होते. ब्रिटनला हायड्रोजन बॉम्ब हवा होता, कारण बाकीच्या मोठ्यांकडे तो होता. तो स्वतःच्या बेटावर कोण फोडणार? स्वतःची बेटं तर सुंदर, तिथे राणी राहते, गाई चरतात. मग नकाशावर पॅसिफिक महासागरातले ठिपके शोधले गेले, जणू तिथे माणसंच नव्हती, आणि मदतीला कोण, तर आज्ञाधारक न्यूझीलंड. इथून दोन लढाऊ जहाजं गेली. त्यांचं काम लढायचं नव्हतं, हवामान बघायचं होतं. मर्वचं काम फुगा सोडायचं. मोठा पांढरा फुगा डेकवरून सोडायचा, तो कुठे जातो ते दुसरा यंत्रातून बघणार, त्यावरून वारा कुठल्या उंचीवर कुठे चाललाय ते वर कळवायचं. वारा जहाजांकडे येत नाही असं कळवलं, की त्यांचा बॉम्ब फुटणार.

‘ऑल क्लिअर कळवणाऱ्यांत मीही होतो,’ ते म्हणाले. ‘प्रत्येक वेळी.’

बॉम्ब फुटताना सगळ्यांना डेकवर पाठ करून बसवलं होतं, डोळे मिटून, त्यावर मुठी दाबून. तरी मिटलेल्या डोळ्यांतून आपल्याच बोटांची हाडं दिसली. मानेवर कुणीतरी मागून इस्त्री धरावी तसं भाजलं. मग उभं राहून बघायची परवानगी मिळाली, आणि सगळ्या पोरांनी बघितलं, आणि काही जण रडायला लागले. यातलं बरंचसं आता कुठेकुठे छापून आलेलं आहे. पण मर्वना जे सांगायचं होतं ते यानंतरचं होतं. जहाज पुढे त्याच भागातून गेलं. अंगभर पोशाख घातलेला एक माणूस टिकटिकणारं यंत्र घेऊन डेकवर फिरला, बाकीचे सगळे शॉर्ट्सवर. त्याच समुद्राचं पाणी शुद्ध करून प्यायले, त्यानंच आंघोळी केल्या, त्यातलेच मासे पकडून तळून खाल्ले. एकदा पाऊस आला. गोडं पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे पोरं साबण घेऊन डेकवर धावली आणि नाचत नाचत न्हायली. मर्व सगळ्यांत पुढे. कुणी अडवलं नाही.

परत आल्यावर त्यांनी डॉरीनशी लग्न केलं. डॉरीन म्हणजे शेजारच्या बेकरीतली हसरी मुलगी. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं पण. तिसरं पूर्ण दिवसांचं, आणि नर्सनं ते डॉरीनला दाखवलंच नाही. मग शॅरन झाली, तीही सतत आजारी. मग पुन्हा तेच. गावच्या डॉक्टरांनी डॉरीनला सांगितलं, की काही बायकांची कूसच तशी असते. सासूनं काही न बोलता तेच सांगितलं. आणि डॉरीननं ते मानलं. तिनं चहा सोडला. सायकल सोडली. किवीच्या मळ्यातलं काम सोडलं, कारण तिथे फवारणी असायची. कुणीतरी म्हणालं, हात वर करून कपडे वाळत घातले की नाळ बाळाच्या गळ्याला पडते, तर तिनं तेही सोडलं, आणि तेव्हापासून घरातले कपडे मर्व वाळत घालू लागले.

आई हे सगळं ऐकून उठली आणि आत गेली. जरा वेळानं बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ती खाली बसली आणि राहिलेले मटार सोलू लागली.

मला अजून राग येतो तो याच्या पुढच्या भागाचा. पुष्कळ वर्षांनी जहाजावरच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा भरला. इथे अशा जमण्याला बायकांनी एकेक प्लेट घेऊन यायची पद्धत आहे, म्हणजे खायचं काहीतरी करून आणायचं. पुरुष बाहेर बिअर पीत जहाजाच्या गप्पा मारत होते. आत स्वयंपाकघरात बायका सँडविच कापत होत्या. कुणीतरी विचारलं, तुला किती मुलं? आणि ती बाई सुरी खाली ठेवून रडायला लागली. मग दुसरी बोलली. मग तिसरी. प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त आपल्याच घरात घडलं, आपल्याच अंगात खोट आहे. प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या डॉक्टरनं तेच सांगितलं होतं. त्या एका दुपारी त्या सगळ्यांना एकदम कळलं, की दोष आपला नव्हता.

डॉरीन त्या स्वयंपाकघरात नव्हती. ती आदल्या वर्षी गेली होती. जाताना तिनं मर्वची माफी मागितली होती, भरलं घर देऊ शकले नाही म्हणून.

‘मी बॉम्बचं सोडून दिलं,’ मर्व म्हणाले. ‘आय वॉज अ सेलर, त्यांनी सांगितलं तिथे गेलो. पण तिला कुणीतरी सांगायला पाहिजे. ज्यांनी मला पाठवलं त्यांच्यापैकी कुणीतरी. डॉरीन, इट वॉजन्ट यू. एवढंच.’

एवढंच म्हणजे एवढंच. त्यांना पैसे नको होते, घर नको होतं, कुणाला तुरुंगात टाकायचं नव्हतं. एक वाक्य हवं होतं, तेही स्वतःसाठी नाही. सरकारातलं कुणीतरी त्यांच्यासोबत तिच्या कबरीपाशी येऊन ते म्हणणार, एवढी त्यांची मागणी होती. तीस वर्षं ते हे मागत होते. मंत्र्यांना भेटून झालं, खासदारांना भेटून झालं, एकदा तर निवडणुकीच्या काळात मॉलमध्ये हात मिळवत फिरणाऱ्या उमेदवाराचा हात धरून ठेवला आणि सोडेनात. प्रत्येक वेळी उत्तर एकच, की संबंध सिद्ध झालेला नाही.

माझं डोकं फिरतं ते इथे. मी दिवसभर औषधं देते. साध्या डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर आम्ही बारीक अक्षरातला लांबलचक कागद देतो. त्यात मळमळ, चक्कर, पुरळ, हजारांत एखाद्याला झालं असेल नसेल तेही लिहिलेलं असतं, कारण ज्याला गोळी घ्यायची त्याला कळायला हवं. एका गोळीला एवढा कागद, आणि बॉम्बला काही नाही. आधी सांगितलं नाही ते नाहीच, आणि नंतर म्हणायचं की सिद्ध करा. कोण सिद्ध करणार? सगळी मापं, सगळ्या नोंदी ज्यांच्या कपाटात, ते म्हणणार पुरावा आणा, आणि पुरावा आणायचा कुणी, तर बेकरीतल्या मुलीनं.

मर्वना ‘हीरो’ म्हटलेलं खपत नसे. एप्रिलमध्ये सैनिकांच्या स्मरणाचा दिवस असतो, सगळे जुने लोक पदकं लावून पहाटे चालत जातात. मर्व त्या दिवशी गाडी धूत बसायचे. कुणी म्हणालं, तुम्ही पण यायला हवं, तर म्हणायचे, मी कुठलं युद्ध लढलो? मित्रांनीच आमच्यावर बॉम्ब फोडला, त्याला परेड नसते. हे वाक्य ते हसून म्हणायचे आणि समोरच्याला हसावं की नाही कळायचं नाही.

त्यांचा राग कधी चढ्या आवाजात बाहेर पडायचा नाही. तो प्रश्नातून यायचा. मे महिन्यात एकदा आईच्या फोनवर पुण्याच्या ग्रुपचा निरोप आला, पोखरणच्या चाचण्यांच्या आठवणीचा, तिरंगा वगैरे लावून. आईनं मोठ्या अभिमानानं तो मर्वना दाखवला. मला म्हणाली, सांग त्यांना, आपणही हायड्रोजन बॉम्ब केलाय, तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले होते. मी सांगितलं. मला वाटलं मर्व भडकतील.

ते म्हणाले, ‘तिथे पण एक पोरगा असणार.’

मी विचारलं, कोण पोरगा?

‘वारा बघणारा. जमिनीखाली फोडला असला तरी वर एक जण वारा बघत बसवलेला असतो. हल्ली तो बरा आहे का?’

मला माहीत नव्हतं. पुण्यात, मुंबईत, आमच्या कुठल्याही ग्रुपवर कुणालाच माहीत नसणार. हे मी आईला मराठीत सांगितलं तेव्हा तिनं फोन उपडा ठेवला. नंतर तिनं मला दोनतीनदा विचारलं, तिथे जवळपास गावं होती का गं. मी शोधलं. होती.

आई परत जायच्या आधी, दोनेक वर्षांपूर्वी, बातमी आली की ब्रिटननं चाचण्यांत वापरलेल्या सगळ्यांसाठी पदक काढलंय. साठ-पासष्ट वर्षांनी. तोवर जहाजावरचे बहुतेक जण गेले होते. मर्वना चालायला फ्रेम लागायची, म्हणून पदक द्यायला राजधानी वेलिंग्टनहून सरकारतर्फे एक बाई घरी येणार होत्या. मर्वनी लगेच होकार कळवला. शॅरनला नवल वाटलं, कारण ते अशा गोष्टींच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. पण मर्वचा हिशोब सरळ होता. इतक्या वर्षांत सरकार स्वतःच्या पायांनी पहिल्यांदाच दारात येत होतं. त्याला इथून गाडीत बसवून दहा मिनिटांवर कबरस्तानात नेता येईल.

त्या दिवशी ते फुल पँटमध्ये होते. मी त्यांना त्याआधी फुल पँटमध्ये पाहिलं नव्हतं. शॅरन पुकेकोहेहून आली होती, दम लागत होता तिला, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ती तशीच असते. चहाला हातभार लावायला आई आणि मी गेलो होतो. आईनं शंकरपाळे केले होते.

बाई तरुण होत्या, गोड होत्या. ‘किया ओरा’ असा इथला माओरी नमस्कार करून आत आल्या, बूट दाराशी काढले, शंकरपाळ्यांची कृती विचारली. बरोबर फोटो काढणारा एक जण होता. त्यांनी सेवा, त्याग, कृतज्ञता असे सगळे शब्द वापरून छोटं भाषण केलं आणि निळी डबी उघडली.

मर्व म्हणाले, ‘थँक यू, लव्ह. ते राहू दे जरा. आधी माझ्या बायकोकडे जाऊन येऊ.’

आणि त्यांनी काय हवंय ते सांगितलं. अगदी शांतपणे, जसं कपडे कसे वाळत घालायचे ते सांगायचे तसं. बाईंनी डबी मिटली. त्यांचा चेहरा खरोखर उतरला, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या म्हणाल्या की कुटुंबावरच्या परिणामांबाबत त्यांना काही म्हणता येणार नाही, अभ्यास अजून निर्णायक नाहीत, आणि तसं विधान करायचा अधिकार त्यांना नाही.

आईनं माझा दंड धरला. काय म्हणाली ती? मी सांगितलं. आई सरळ त्या बाईंकडे बघून मराठीत बोलायला लागली, आणि मला म्हणाली, सगळं सांग, काही गाळू नकोस.

‘बॉम्बचं काय ते तुमचं तुम्ही शोधा. शंभर वर्षं शोधा. पण मूल पोटात राहिलं नाही हा बाईचा गुन्हा नसतो, एवढं म्हणायला कुठला अभ्यास लागतो? तुमची पोरं गेली असती तर तुम्हाला काय ऐकायला आवडलं असतं?’

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, उलट आवाज माझाच चढला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मर्वजवळ येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या की त्यांना व्यक्तिशः फार वाईट वाटतं, पर्सनली.

मर्वनी त्यांच्या हातावर थोपटलं. ‘पर्सनली नको. पर्सनली माझ्याकडे हीप्स आहे, ढिगानं. सगळा रस्ता पर्सनली सॉरी आहे. तुम्ही ज्यांच्याकडून आलात त्यांच्याकडून हवंय.’

बाई म्हणाल्या, मी वेलिंग्टनला जाऊन विचारते. वरती बोलते. नक्की कळवते.

मर्वनी डबी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, हे पण घेऊन जा, येताना दोन्ही एकदम आणा. आणि जरा लवकर करा, मी आता काही कोवळा नाही. ते हसले, बाईही हसल्या. दारात बूट घालताना त्यांनी पुन्हा सांगितलं, मी येईन.

गाडी गेल्यावर शॅरन म्हणाली, ‘डॅड, दे वोन्ट.’ मर्व म्हणाले, ती म्हणालीये येईन म्हणून. एका माणसानं दुसऱ्याला सांगितलं की ते खरं धरायची त्यांची सवय इतकं सगळं होऊनही गेली नव्हती. मला तर त्या सवयीचाच राग यायला लागला होता.

त्या बाई आल्या नाहीत. कळवलंही नाही. मी एकदा फोन लावला, तर त्या आता दुसऱ्या विभागात गेल्यात असं समजलं, आणि तुमचं म्हणणं संबंधितांना पोचवलंय. संबंधित कोण, ते सांगता येत नव्हतं. बोलणारा मुलगा फार सभ्य होता. या देशात सगळे फारच सभ्य आहेत. आई पुण्याला परतली, आणि दर रविवारी फोनवर आधी नातवाची चौकशी न करता विचारू लागली, आली का गं ती मेली.

गेल्या हिवाळ्यात मर्व मागच्या पायऱ्यांवर पडले. खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया झाला. शॅरन स्वतःच इतकी आजारी होती की रोज येणं तिला जमत नव्हतं. मी दुकान बंद करून एक दिवसाआड जात होते. वॉर्डात अश्विनी नावाची अमरावतीची नर्स होती. एका संध्याकाळी तिनं मला कॉरिडॉरमध्येच थांबवलं.

‘ताई, यांना भेटायला कोण येणार आहे हो? गाऊन नको म्हणतात. रोज सकाळी दाढी करून मागतात, शर्टची वरची बटणं पण लावायला लावतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. पडा म्हटलं तर म्हणतात, मी पडलेला असताना ते आले तर परत जातील. ऑक्सिजन खाली चाललाय. कोण असेल त्यांना जरा लवकर यायला सांगा ना.’

मी मान हलवली आणि त्यांच्या खोलीकडे वळले.

त्या दिवशी मी एका मीटिंगमधून थेट गेले होते. अंगात काळा कोट होता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात फाइल. दार अर्धं उघडं होतं. मर्व उशांना टेकून बसले होते, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस पाण्यानं बसवलेले. नाकातली नळी सोडली तर कुठेतरी निघालेले वाटत होते. मी दार ढकललं. त्यांनी माझा कोट बघितला, पट्टी बघितली, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. बिछान्याचा कठडा धरून ते उठायला लागले. ‘आलात तुम्ही,’ ते म्हणाले, ‘चला, फार लांब नाहीये ती.’

मी दिव्याखाली आले. मग त्यांनी मला ओळखलं.